मुंग्यांचं औषध

सोमवार, ३

लेकीचा फोन आला होता. वीस तारखेला येतेय, भिंगरीला घेऊन! नवी नोकरी आपल्याच गावात लागलीय, घरही इथून दोन रस्ते पलीकडे मिळालंय. आता दिवसभर भिंगरीला कुठे ठेवायचं हा प्रश्न. "एक पाळणाघर बघून ठेवलंय. किंवा मग तुमच्याकडे," ती म्हणाली. मी फोनवर "हो हो हो" असं तीनदा म्हणालो. ही स्वयंपाकघरातून ओरडली, "कुणाला एवढं हो म्हणताय?"

भिंगरी म्हणजे माझी नात, वय महिने दहा. बसल्या जागी गोल गोल फिरते म्हणून मीच ते नाव पाडलं. आता रांगते, आणि रांगत जाऊन जे हाताला लागेल ते तोंडात घालते. परवा जावयांचा बूट चाटला म्हणे.

पण लेक पुढे म्हणाली, "बाबा, आधी मी घर बघणार. मग ठरवणार."

बघ की! चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या मी. शिडीवर उभा राहून हातभर अक्षर एका दमात ओढलंय, थेंब सांडला नाही. मला कोण नापास करतंय?  पण एवढी तपासणी कशासाठी ते मला ठाऊक आहे. त्या बाटलीबद्दल मी इथे लिहिणार नाही. डायरी नवी आहे आणि हे पहिलंच पान आहे.

मंगळवार, ४

शत्रूचा मुलूख बघायचा तर शत्रूच्या उंचीवरून बघावा. म्हणून आज सकाळी सगळं घर रांगलो. अठ्ठावन्न सालातल्या गुडघ्यांना हे रुचलं नाही, पण डोळे उघडले. खालून बघितलं तर आपलं घर म्हणजे विषाचं दुकान! मोरीच्या कोपऱ्यात फिनेल. ओट्याखाली नळ मोकळा करायची पूड, ती पण उघड्या वाडग्यात. खालच्या खणात डांबरगोळ्या, अगदी पेपरमिंटच्या बहिणी शोभतील अशा. घड्याळातला बटणाएवढा सेल पलंगाखाली. माझं टर्पेंटाइन. सव्वीस जिन्नस मोजले.

टेबलाखाली शिरलो आणि अडकलो. नेमका शेजारचा शिंपी खिडकीशी आला. "काका, काय हरवलंय?"

"काही नाही, नातीच्या नजरेने बघतोय."

"मग आता रडा, म्हणजे कुणीतरी उचलून घेईल."

शेवटी त्याने आणि हिने मिळून काढलं. ही म्हणाली, "बरं झालं खाली गेलात. सदऱ्याने तिथला केर तरी निघाला."

गुरुवार, ६

विषबाधेच्या हेल्पलाइनचा नंबर मिळवला आणि स्वयंपाकघरात फोनच्या वरच्या भिंतीवर रंगवला. लाल रंग, वीतभर उंच आकडे, खाली बारीक काळी सावली. घरात कुठूनही वाचता येतो, समोरच्या गच्चीवरूनही येतो.  संध्याकाळी ही म्हणाली, "घर आहे की बसस्टॉप?"

अक्काला मात्र आवडला. अक्का माझी मोठी बहीण, शहात्तर वर्षांची, आमच्याकडेच असते. आमच्या घराण्यात सगळ्यांत उंच तीच. लहानपणी मला फळीवरचं काही हवं असलं तर तिच्या मिनतवाऱ्या कराव्या लागायच्या. तिची नजर आता अधू झालीय, पण माझी पाटी तिला चष्म्याशिवाय वाचता येते याचा मला अभिमान आहे.

नंबर नुसता रंगवून काय उपयोग, लागतो का ते बघायला नको? लावला. एका बाईने उचलला. तिला म्हटलं, सगळे ठणठणीत आहोत, नुसती चाचणी आहे. ती हसली. एवढं विचारताच आहात तर ऐका म्हणाली, आणि भराभर सांगू लागली: साफसफाईचं सामान आणि गोळ्या कुलपात ठेवा. औषधाला मुलांपुढे खाऊ म्हणू नका. कुणी काही प्यायलं तर उलटी काढायला जाऊ नका, आधी फोन करा. "आणि काका, सगळं मूळच्याच डब्यात ठेवा. दुसऱ्या बाटलीत ओतू नका."

पहिल्या तीन गोष्टी लिहून घेतल्या. चौथी पटली नाही. मूळचे डबे कसले कुरूप असतात हे त्या बिचारीला काय माहीत! बारा रंग, फुलं, हसणाऱ्या बायका, आणि महत्त्वाचं सगळं मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात. त्यापेक्षा एकसारख्या बाटल्या आणि माझ्या हातची ठसठशीत अक्षरं. पाटी एका नजरेत कळली पाहिजे आणि तिच्यावर कमीत कमी शब्द हवेत. माझा धंदा याच दोन गोष्टींवर चालला.

रविवार, ९

बाटल्यांसाठी हिच्यापुढे हात पसरावा लागला. ही कधी काही टाकत नाही. अक्काच्या खोकल्याच्या औषधाच्या तपकिरी बाटल्या हिने बुचासकट धुऊन ठेवल्या होत्या, एकतीस! पण खरी कमाल पलंगाखालच्या ट्रंकेची. घरात आलेल्या प्रत्येक डब्याचं, प्रत्येक औषधाचं, प्रत्येक साबणाचं खोकं ही उलगडून सपाट करते आणि तिथे रचते. मोरीचा गठ्ठा वेगळा, स्वयंपाकघराचा वेगळा, वर सुतळी. तीस वर्षं मी त्या ट्रंकेला भंगार म्हणतोय आणि तीस वर्षं ही म्हणतेय, "असू दे. तुमच्या डोक्यावर आहे का?"

दिवसभर ओतकाम. नाकाला फडकं बांधून फिनेल, गंज काढायचं पाणी, सगळं एकसारख्या तपकिरी बाटल्यांत. रिकामे डबे मी भराभर फेकून दिले.

एका शब्दावर मात्र अडलं. मी "विष" लिहायला ब्रश उचलला तर ही म्हणाली, "तान्हं लेकरू यायचंय घरात, आणि भिंतीभर विष विष लिहिताय? काही शुभ बोलाल की नाही?" खरं सांगायचं तर मलाही तो शब्द कधी आवडला नाही. नुसता काढला तरी अंगावर येतो. चाळीस वर्षांत एकाही पाटीवर रंगवायची वेळ आली नाही. मग झुरळांचं औषध, उंदरांचं औषध असं लिहिलं. जग तसंच म्हणतं.

रांग इतकी देखणी दिसते की जेवताना मी तिच्याचकडे तोंड करून बसलो.

बुधवार, १२

सगळ्या बाटल्या सगळ्यांत वरच्या फळीवर चढवल्या. अक्काच्या गोळ्या आणि तेलंही तिथेच, म्हणजे भिंगरीच्या हाताला काही लागायला नको. अक्का खूश. म्हणाली, "बरं केलंस. माझी कंबर वाकायची वाचली. मला फळी नाकासमोर येते." फळीला दार बसवून कुलूप लावायचं होतं, पण मग नुकतीच रंगवलेली अक्षरं दाराआड गेली असती.

अक्का आज खुर्चीत बसल्या बसल्या कुरकुरत होती. "मेल्या मुंग्यांनी जीव नकोसा केलाय रे. बसलं की येतात."

मी म्हटलं, "खुर्चीत बसून बिस्किटं खातेस, मग येणार नाहीत तर काय?"

"बिस्किटांचा काय संबंध? उठून चार पावलं चालले की जातात."

म्हातारपणी माणूस कसं बोलतं बघा. हिच्या चालण्याला घाबरून मुंग्या पळतात म्हणे! पण मुंग्या भिंगरीला चावतील, हे मात्र खरं. बघायला हवं.

शनिवार, १५

रंगीत तालीम! ठरवलं असं: ही काहीतरी प्यायलेली, अक्का हेल्पलाइनवाली बाई, मी फोन करणारा. काय विचारतील त्याचा मोठा पुठ्ठा रंगवून फोनशेजारी टांगला होता: वय, वजन, काय, किती, कधी.

मी फोन लावल्याचं सोंग केलं. अक्का पलीकडच्या खुर्चीतून म्हणाली, "कोण बोलतंय? कुणाच्या घरातले तुम्ही?"

"अक्का, असं विचारत नाहीत."

"मला काय माहीत? पोरगी चांगल्या घरातली आहे का ते आधी बघायला नको?"

मग पेशंटचं वजन विचारायची वेळ आली. पेशंट उठून बसली आणि म्हणाली, "वजन सांगणार नाही. मेले तरी चालेल." अक्का इतकी हसली की तिला खरोखरच पाणी पाजावं लागलं. शिंपी खिडकीतून टाळ्या वाजवत होता.

त्या हसण्यात ही अचानक म्हणाली, "आणि कुणी मिठाचं पाणी पाजायला लागलं तर?" मी म्हटलं, "पाजायचं नाही." ही म्हणाली, "लक्षात आहे ना?" आणि उठून आत गेली.

आता लिहायलाच बसलोय तर लिहितो. लेक अडीच वर्षांची असताना माझ्या रंगाच्या खोलीत शिरली होती. तिथे थंड पेयाच्या बाटलीत टर्पेंटाइन होतं. तिने घोट घेतला. मी घाबरून मिठाचं पाणी पाजून तिला उलटी काढायला लावलं, आणि त्यानेच जास्त घोटाळा झाला. ते तेल छातीत गेलं. आठ दिवस दवाखान्यात होती. ती बाटली तिथे कशी आली याबद्दल सगळ्या नातेवाइकांत एकच गोष्ट सांगतात: ही आवराआवर करत होती, हिच्या हातून झालं. ही स्वतःच तसं सांगते. सांगते तर असेल.

सोमवार, १७

अक्काच्या मुंग्या थांबेनात. "रात्री तर पायावर नुसत्या सळसळतात," म्हणाली. मग मात्र मी उठलो. बाजारातून मुंग्यांसाठी पातळ औषध आणलं. दुकानदार म्हणाला, पाकासारखं गोड असतं, पुठ्ठ्याच्या तुकड्यावर थेंब थेंब ठेवा, दोन दिवसांत सगळ्या खलास. चिकट, पिवळसर, मलाच बोट लावावंसं वाटलं. नाही लावलं. एवढी अक्कल आहे.

तपकिरी बाटली, मापाचं बूच, आणि खोकं कचऱ्यात. थोड्या वेळाने ही कचऱ्याच्या डब्यात हात घालून उभी. विचारलं तर म्हणाली, "चमचा पडला होता." हिच्या चमच्यांचं काय करावं कळत नाही.

बुधवार, १९

उद्या! उद्या! दुपारी चारची गाडी.

नव्या बाटलीवर चिठ्ठी केली. "मुंग्यांचं औषध". अक्षर असं उतरलंय की स्वतःचीच पाठ थोपटावी. यातला "ग्यां" करायला हात तयार लागतो. फळीवर अक्काच्या तेलाशेजारी जागा होती, तिथे ठेवली आणि मोठ्याने सांगितलं, "अक्का, तुझ्या मुंग्यांचं औषध आणलंय हं."

अक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुझं माझ्याकडे लक्ष असतं रे," म्हणाली. एवढंसं औषध आणलं तर रडायचं काय त्यात! पण बरं वाटलं. पुठ्ठ्याचे तुकडे उद्या सकाळी ठेवीन, आज भिंगरीच्या पाळण्याला पिवळा रंग दिलाय, तो वाळतोय. रंग बिनविषारी आहे, डब्यावर वाचून घेतलं. डबा ही घेऊन गेली.

गुरुवार, २०, सकाळ

पाच वाजताच जाग आली. घर लखलखतंय. येऊ दे तपासणीला!

गुरुवार, २०, संध्याकाळ

आज अक्षर वाकडं येईल. येऊ दे.

नऊ वाजता अक्का खुर्चीत येऊन बसली, पाय पुढे पसरले आणि म्हणाली, "गोड आहे रे तुझं ते औषध."

मी फुलं लावत होतो. "गोडच असतं अक्का. गोडाला भुलतात आणि खातात."

"कोण खातात?"

"मुंग्या."

"मुंग्या कशा खातील? मी खाल्लं. आत्ताच, दोन चमचे. उजव्या पायाच्या गेल्यासारख्या वाटतायत, डाव्याच्या आहेत अजून."

फुलदाणी माझ्या हातातून कधी सुटली कळलं नाही. बसलं की येतात. चालले की जातात. पायावर सळसळतात. आठ दिवस माझी बहीण मला सांगत होती की तिच्या पायांना मुंग्या येतात, आणि मी बिस्किटांचे कण शोधत होतो. बहिणीला मी स्वतःच्या हाताने, सुंदर अक्षरात, मुंग्या मारायचं विष आणून दिलं, आणि तिने माझ्यावर विश्वास ठेवून घेतलं.

ही आतून धावत आली ती पेल्यासकट. पेल्यात मिठाचं पाणी. तालमीत मला बजावणारी हीच! घाबरलं की तीस वर्षांपूर्वीचंच आठवत असणार. मी पेला हिसकावून मोरीत ओतला. "नाही! या वेळी नाही!" एवढ्या मोठ्याने ओरडलो की शिंपी सुई टोचल्यासारखा उडाला.

मान वर केली तर समोर वीतभर लाल आकडे. नंबर चुकला नाही. तीच बाई! म्हणाली, "काका, नुसता बघताय का पुन्हा?"

"नाही हो. या वेळी खरं आहे. माझी बहीण मुंग्यांचं औषध प्यायली. चूक माझी आहे."

"चूक नंतर. शुद्धीवर आहे? श्वास नीट चाललाय?"

अक्का मागून म्हणाली, "विचार तिला, चांगल्या घरातली आहे का."

"शुद्धीवर आहे," मी म्हटलं.

"वय किती?"

"शहात्तर."

"पंचाहत्तर!" अक्का ओरडली. "शहात्तरावं चालू आहे!"

"वजन?"

अक्काने तोंड घट्ट मिटलं. मी अंदाजाने सांगितलं, तर तिने मला उशी फेकून मारली. त्यावरून बाईला कळलं असेल की तब्येत तूर्त ठीक आहे. किती घेतलं, कधी घेतलं, आणखी कसल्या गोळ्या चालू आहेत, सगळं पुठ्ठ्याकडे बघून सांगितलं. मग ती म्हणाली, "आता डब्यावर वाचा. त्यात काय काय आहे आणि किती?"

माझ्या हातात तपकिरी बाटली होती. तिच्यावर माझं अक्षर होतं. दुसरं काहीच नव्हतं.

"काका? डबा कुठाय?"

"फेकला," मी म्हणालो. 

तेवढ्यात पलंगाखालून ट्रंक ओढल्याचा कर्कश आवाज आला. अर्ध्या मिनिटात ही परत आली. हातात सपाट केलेलं मुंग्यांचं खोकं, कचऱ्यातलं, पुसून कोरडं केलेलं. चमचा वगैरे काही पडला नव्हता. हिने माझ्या हातून फोन घेतला, चष्मा नाकावर चढवला आणि मुंगीच्या पायाएवढी अक्षरं एकेक करून वाचून दाखवली. एकदाही अडखळली नाही. मी चाळीस वर्षं अक्षरांचं खाल्लं आणि आज वाचायची वेळ आली तेव्हा माझ्या हातात नुसतं माझंच अक्षर होतं.

पलीकडची बाई म्हणाली, "छान. प्रमाण कमी आहे, घाबरू नका. चूळ भरू द्या, घोट घोट पाणी द्या, उलटी काढू नका. पण वय आहे, रक्तदाबाच्या गोळ्या आहेत, तेव्हा दवाखान्यात नेऊन दाखवाच. बाटली आणि खोकं दोन्ही बरोबर न्या."

शिंप्याने रिक्षा आणली. लेक चारला येणार, म्हणून निघताना मी घाईघाईने दारावर खडूने लिहिलं. सवयीप्रमाणे कमीत कमी शब्द: "अक्का औषध प्यायली. दवाखान्यात आहोत."

दवाखान्यात अक्काचा थाट काय वर्णावा! पलंग, उशा, दोन नर्सा, आणि ऐकायला माणसं. तिने मुंग्यांची कथा पहिल्यापासून सांगितली, माझी नक्कल करून सांगितली. तरुण डॉक्टर हसून भिंतीला टेकला. पाच-सहा तास लक्ष ठेवू म्हणाला, पोट थोडं बिघडेल कदाचित, बाकी काळजी नाही. पायांच्या मुंग्यांसाठी रक्त तपासायला घेतलं ते वेगळंच. मग खोकं हातात घेऊन हिला म्हणाला, "आजी, हे तुम्ही आणलंत म्हणून आमचं काम सोपं झालं. लोक नुसती बाटली आणतात, नाहीतर तेही नाही."

ही म्हणाली, "मागे एकदा विचारलं होतं डॉक्टरांनी. तेव्हा माझ्याकडे नव्हतं."

एवढंच. साध्या आवाजात. आणि मी तिथे उभा होतो.

तीस वर्षं. तीस वर्षं मी त्या ट्रंकेला भंगार म्हणत आलो. लेकीच्या उशाशी त्या डॉक्टरने विचारलं होतं, कुठल्या कंपनीचं, आत काय आहे, आणि आम्हाला सांगता आलं नव्हतं, कारण टर्पेंटाइनचा डबा फेकून दिलेला होता. त्या दिवसापासून हिने एक खोकं टाकलं नाही. आणि मला वाटायचं, बाईमाणसाला साठवायचा सोस.

साडेबाराला दाराशी गलका झाला. लेक! लवकरची गाडी मिळाली होती. भिंगरी कडेवर, केस विस्कटलेले, तोंड पांढरंफटक. आत शिरली ती सरळ अक्काच्या गळ्यात पडून हमसायला लागली. "अक्काआत्या, असं काय गं केलंस? कुणी काही बोललं का तुला? मला फोन करायचा नाही का?"

अक्का गोंधळली. "अगं, मुंग्या आल्या होत्या म्हणून प्यायले."

"मुंग्या आल्या म्हणून कुणी जीव देतं का?"

तेव्हा मला माझी दारावरची पाटी आठवली. औषध प्यायली! एका नजरेत कळली होती पोरीला, आणि भलतंच कळलं होतं. निम्मी आळी दाराशी जमली होती म्हणे, आणि सगळे हळू आवाजात विचारत होते, घरात काही वाद झाला का. मी समजावून सांगू लागलो, अक्का मध्ये मध्ये दुरुस्त्या करू लागली, भिंगरीने नर्सच्या खिशातला पेन तोंडात घातला, आणि लेक रडता रडता हसायला लागली. मग आम्ही सगळेच हसलो. ते थांबेना. नर्स दार लावून घेऊन गेली.

हसून झाल्यावर लेकीने डोळे पुसले आणि मला विचारलं, "बाबा, बाटली कुणी बदलली?"

एकच प्रश्न. सव्वीस जिन्नस, पिवळा पाळणा, काही विचारलं नाही.

"मी," म्हणालो. आणि तोंड उघडलंच होतं तर बंद करवलं नाही. "ही पण मीच बदलली आणि तीही मीच बदलली होती. तुझी. थंड पेयाची बाटली. डबा गळत होता म्हणून मी ओतलं होतं. आईने नाही. आईने कधीच नाही. आजी आली तेव्हा आई पुढे होऊन म्हणाली, माझ्या हातून झालं, आणि मी गप्प बसलो. तेव्हापासून गप्पच आहे."

ही खिडकीबाहेर बघत होती.

लेक म्हणाली, "बाबा, मला माहितीये. मला कळायला लागल्यापासून माहितीये. आईने आयुष्यात कधी काही दुसऱ्या बाटलीत ओतलंय का? ती साखरसुद्धा पुड्यातच ठेवते." मग भिंगरीला माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, "घर बघणार म्हणाले होते ना, ते हेच बघायचं होतं. धरा हिला. सोमवारपासून सकाळी साडेआठला आणून सोडीन. पेन काढा तिच्या तोंडातला."

काढला. तिने माझं बोट चावलं. चार दात आहेत.

शुक्रवार, २१

सकाळी पहिलं काम, सगळ्या तपकिरी बाटल्या रिकाम्या. त्यातलं कुठे नि कसं टाकायचं तेही हेल्पलाइनच्या बाईलाच विचारलं. आता तिला माझा आवाज ओळखू येतो. नवीन सामान येईल ते आपापल्या कुरूप डब्यात राहील, फुलं आणि हसणाऱ्या बायकांसकट, कपाटात, कुलपात. किल्ली हिच्या कमरेला. अक्काच्या गोळ्या वेगळ्या कपाटात गेल्या. कपाटाच्या दारावर मी आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द रंगवला: "विष". लाल. हिने रंगाचा डबा धरला, अक्का म्हणाली, "हां. आता कळतं."

अक्काचा रिपोर्ट आला. कसलंतरी जीवनसत्त्व कमी आहे, गोळ्या दिल्यात. त्यांना मुंग्यांच्या गोळ्या म्हणायचं नाही असं घरात ठरलं.

मग ट्रंक पलंगाखालून बाहेर ओढली, पुसली, फोनखाली जागा करून ठेवली. झाकणावर पाटी करायला बसलो.  लिहिलं: "हे भंगार नाही."

ही पदराला हात पुसत आली. वाचलं. म्हणाली, "बास? एवढंच?"

"पाटीवर कमीत कमी शब्द."

"खाली जागा आहे की. लिहा. बाटली ह्यांनी ओतली होती."

मी लिहिलं. खाली, कोपऱ्यात, बारीक अक्षरात.

हिने चष्मा काढून पदराच्या टोकाला बांधला, दोन पावलं मागे गेली आणि डोळे बारीक करून बघितलं. "मोठ्या अक्षरात," म्हणाली. "मला इथून वाचता आलं पाहिजे."

पुसून पुन्हा लिहिलं. लाल रंग संपत आला होता, पुरवून पुरवून पुरला.